फ्लॉपी सरांनी घातली नव्हती

सरांविषयी शिरूरमध्ये जी गोष्ट सांगतात ती खोटी आहे. नियम करणाऱ्या माणसानंच नियम मोडला आणि कॉलेजचे सगळे संगणक बंद पाडले, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण ती खरी ठरवणाऱ्या चौकशी समितीत मी होतो. अहवाल माझ्याच अक्षरात आहे.

पण आधी सर कसे होते ते सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि तसंही त्यांच्याविषयी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. लोकांनी नेमकं ते एकच धरून ठेवलं.

सर मूळचे दौंडचे. वडील रेल्वेत सांधेवाले, म्हणजे येणारी गाडी कोणत्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधे बदलणारे. सर म्हणायचे, "आमच्या वडिलांनी एकच शिकवलं. लाल म्हणजे लाल. अर्धा लाल नसतो." हे वाक्य ते वर्गात, स्टाफरूममध्ये, भाजी घेताना, कुठंही म्हणत. कांद्याचा भाव कमी करायला भाजीवाली तयार नसली तर बायको घासाघीस करायची आणि सर शेजारी उभे राहून भाजीवालीची बाजू घ्यायचे. "तिनं एकदा सांगितलं ना? लाल म्हणजे लाल."

आमच्याकडे ते गणित शिकवायला आले. उंच, शिडशिडीत, कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. शतक संपायला काही वर्षं उरली असताना संस्थेनं कॉलेजला संगणक घेतले आणि ते कुणाच्या हवाली करायचे असा प्रश्न आला. मी तेव्हा उपप्राचार्य होतो, वाणिज्य शिकवायचो. मीच सरांचं नाव सुचवलं. तेव्हापासून सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दाढीचा ब्रश दिसू लागला. कीबोर्डच्या फटींतली धूळ झाडायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, असं त्यांचं मत होतं. दाढीला वेगळा ब्रश होता की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही.

संगणक कक्षाबाहेर चपला काढायच्या, पाण्याच्या पिंपाशी हात धुवायचे, सरांना तळवे दाखवायचे आणि मगच आत जायचं. खडूचा हात दिसला की परत पिंपाकडे. पडद्याला बोट लावायचं नाही. आत शिंकायचं नाही. शिंक येतेय असं वाटलं की बाहेर पळायचं. या शेवटच्या नियमावरून एकदा बिरू नावाच्या विद्यार्थ्यानं त्यांना विचारलं. बिरू कवठे येमाईचा. त्याच्या आज्यानं जन्मभर मेंढरं राखलेली, बापानं विहीर पाडून शेती धरलेली, आणि हा त्या घरातून कॉलेजात आलेला पहिला. जीभ मोठी तिखट.

"सर, शिंकंनं व्हायरस व्हतो का?"

"नाही होत."

"मग भाईर कशाला पळायचं?"

"त्यानं काही होत नाही, पण सवय लागते."

"शिंकायची?"

"ऐकायची," सर म्हणाले.

पोरं हसली. सर हसले नाहीत. ते विनोद करत नव्हते, म्हणून पोरं अजून हसली.

विद्यापीठाकडून तेव्हा काही इंग्रजी पानं आली होती. कॉलेजातले संगणक आणि नेटवर्क कुणी कसं वापरावं, काय करू नये, याविषयीची. बाकीच्या कॉलेजांनी त्यावर सह्या करून ती फाइलला लावली असणार. सरांनी ती पानं घरी नेली, मराठीत केली, नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरकडून एका फळीवर लिहून घेतली आणि फळी दारावर लावली. पेंटरनं खाली आपणहून दोन गुलाब काढून दिले होते. पहिला नियम होता, 'नाव ज्याचं, जबाबदारी त्याची.' म्हणजे संगणकावर ज्याच्या नावानं आणि पासवर्डनं काम झालं, ते त्यानंच केलं असं धरणार. पासवर्ड मी कुणाला दिला होता, मित्रानं वापरला, ही सबब चालणार नाही. दर वर्षी जूनमध्ये नवी पोरं त्या फळीसमोर उभी राहून नियम मोठ्यानं म्हणायची, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी.

हा पहिला नियम आमच्याकडे कुणालाच पटला नव्हता. आमची पद्धत निराळी. प्राचार्यांचा पासवर्ड हेडक्लार्कला माहीत, हेडक्लार्कचा शिपायाला, आणि शिपाई रजेवर असला तर त्याच्या भावाला. न सांगणं म्हणजे अविश्वास दाखवणं. "आपल्याच माणसापासून काय लपवायचं?" असं प्राचार्य म्हणायचे. सर म्हणायचे, "लपवत नाही. जपतोय." आणि सांगायचे नाहीत.

कॉलेजात टेलिफोनची लाइन एकच होती. ऑफिसचा फोन तोच आणि इंटरनेटही त्यावरच. कुणी इंटरनेटवर असताना ऑफिसातून फोन उचलला की सगळं तुटायचं, आणि मग दोन्हीकडून आरडाओरडा. सरांनी यावर रेल्वेतला उपाय काढला. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरजवळ वेताच्या कड्यातलं टोकन असल्याशिवाय गाडी पुढं जात नसे, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यांनी बुरुडाकडून तसंच वेताचं मोठं कडं करून आणलं. ज्याच्या खांद्यावर कडं, लाइन त्याची. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव टोकनसर पाडलं.

संस्थेचे अध्यक्ष एकदा इंटरनेट बघायला आले. मोठे बागायतदार, कारखान्याच्या राजकारणातले, आवाज असा की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबावं. चपला त्यांनी काढल्या, हातही धुतले. सर कडं घेऊन पुढं झाले.

"हे काय?"

"टोकन. खांद्यावर घ्या, आप्पा."

"आरं, मी काय बैल हाय व्हय, जू घ्याया?"

"ऑफिसातून कुणी फोन उचलला तर तुटेल. कडं इथं आहे म्हटल्यावर कुणी उचलणार नाही."

"संस्था कुणाची हाय, मास्तर?"

"संस्था तुमचीच. लाइन एकच आहे."

मी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी थोडा वेळ सरांकडे बघितलं, मग कडं खांद्यात अडकवलं आणि पुढचा सगळा वेळ तसेच बसून पुण्याच्या बाजारातले कांद्याचे भाव बघितले. जाताना मला म्हणाले, "ह्यो माणूस येडा हाय, पन चोर न्हाई." हे शब्द त्यांनी पुढं विसरायला नको होते. पण विसरले, आणि त्याला कारण मी.

बाहेरच्या फ्लॉपीविषयी सर फार कडक होते. फ्लॉपी म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकोनी वेष्टनातली तळहाताएवढी चकती. तेव्हा एका संगणकातली माहिती दुसऱ्यात न्यायची तर तीवरूनच. तिच्यातून व्हायरसही यायचा. म्हणून कोपऱ्यात एक जुना संगणक त्यांनी नेटवर्कपासून तोडून ठेवला होता. बाहेरून आलेली फ्लॉपी आधी त्यात तपासायची, आणि एक रात्र तिथंच ठेवायची. त्या संगणकाला ते धर्मशाळा म्हणत. तपासायला काही मिनिटं पुरतात हे पोरांनाही ठाऊक होतं. रात्र कशाला, असं विचारलं की सर म्हणायचे, "पाहुणा नवीन आहे. एक रात्र राहू दे." स्नेहसंमेलनाला प्राचार्य आपलं भाषण ऐन सकाळी फ्लॉपीवर घेऊन आले, तेव्हा तेही धर्मशाळेत गेलं आणि प्राचार्य त्या दिवशी तोंडी बोलले. ते नेहमीपेक्षा बरं बोलले, पण त्यांनी ते मनात ठेवलं.

आम्ही सगळे या प्रकाराला सरांचं सोवळं म्हणायचो. मी तर सर्वांत जास्त. चपला, शिंक, तळवे, धर्मशाळा, सगळं एका पंगतीत बसवून टाकलं होतं. त्यातलं कोणतं नुसतं सरांचं वेड आणि कोणतं खरोखर गरजेचं, हे वेगळं काढून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

तसे आमचे संबंध घरचे होते. सर आणि वहिनी आमच्या घरामागच्या आळीत राहायचे. माझी थोरली बारावीला असताना सरांनी तिचं गणित करून घेतलं होतं. आमच्या ओट्यावर बसून शिकवायचे, आणि ती चुकली की म्हणायचे, "चुकलीस ते बरं झालं. आता खोडू नको, शेजारी बरोबर लिही." त्यांना मूलबाळ नव्हतं.

तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती, पोरांचे प्रकल्प अर्धेमुर्धे झाले होते, आणि दौंडहून निरोप आला की सरांचे वडील अत्यवस्थ आहेत. कक्ष बंद ठेवणं शक्य नव्हतं. सरांनी किल्ली प्राचार्यांसमोर माझ्याकडे दिली. संध्याकाळी मला एकट्याला कक्षात बोलावलं.

"हात धुतले का?"

धुऊन आलो. त्यांनी दार लावलं, खिडकी लावली.

"शनिवारी सगळ्या पोरांच्या कामाची नक्कल काढून कपाटात ठेवावी लागते. ती माझ्या नावानं आत गेल्याशिवाय निघत नाही. म्हणून तुम्हाला पासवर्ड सांगतो."

खोलीत आम्ही दोघंच, तरी ते माझ्या कानाशी वाकले आणि गुरुमंत्र द्यावा तसा तो शब्द सांगितला.

"म्हणून दाखवा."

"मोठ्यानं?"

"माझ्या कानात."

मी उपप्राचार्य, वय पन्नाशीच्या पुढं, आणि दाराआड गणिताच्या प्राध्यापकाच्या कानात कुजबुजतोय. मला हसू आवरेना. सर मात्र गंभीर होते. "कागदावर लिहू नका. घरात सांगू नका. आणि मी परत आलो की बदलणार, राग मानू नका." मी म्हटलं, "जा हो तुम्ही. वडिलांकडे बघा." तो शब्द मी आजतागायत कुणाला सांगितलेला नाही. त्यांच्या नियमांपैकी माझ्याकडून एवढाच पाळला गेला.

थोरलीला त्या रविवारी बघायला येणार होते. राहू गावचे लोक, घर चांगलं, मुलगा पुण्यात नोकरीला. मध्यस्थ सांगून गेला होता, "पोरीची माहिती कॉम्प्युटरवर काढून द्या बरं का, आबा. पोरगा कॉम्प्युटरवालाच हाय." मी एसटी स्टँडजवळच्या टायपिंगच्या दुकानात माहितीपत्रक तयार करून घेतलं, वर गणपती, बाजूला नाव, शिक्षण, मामांचं कूळ, सगळं. ऐन वेळी दुकानदाराचा प्रिंटर बिघडला. त्यानं फ्लॉपी माझ्या हातात दिली. "तुमच्या कॉलेजात हाय की प्रिंटर, सर."

शनिवारी मी नक्कल काढली नव्हती. घरात साफसफाई, पाहुण्यांची तयारी. सोमवारी काढू म्हटलं. रविवारी सकाळी कक्ष उघडला. फ्लॉपी चालायची ती फक्त सरांच्या नावानं आत गेलं तरच, म्हणून सरांचा पासवर्ड घातला. धर्मशाळा कोपऱ्यात होती. दुपारी पाहुणे येणार आणि फ्लॉपी रात्रभर इथं ठेवायची कशी? तपासायची तर ती काही मिनिटांतही तपासता आली असती. मी तेवढंही केलं नाही. सोवळं सोडायचं तर सगळंच सोडावं, असं काहीसं झालं. माहितीपत्रक सुरेख निघालं. मी ते वाळत घातल्यासारखं दोन बोटांत धरून घरी आणलं.

मुलाच्या मामांनी ते हातात घेतलं, वरच्या गणपतीला नमस्कार केला, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "माहिती काय करायची, आबा? आम्ही तुमच्या गल्लीत इचारूनच वर आलोय." लग्न ठरलं. ते घर खरंच चांगलं निघालं. पोरगी सुखात आहे.

सोमवारी पोरांनी संगणक चालू केले तर पडद्यावर काहीच येईना. एकाचा नाही, सगळ्यांचे. पोरांची शेवटच्या कित्येक दिवसांची कामं गेली होती. एक मुलगी तिथंच खाली बसून रडली. पुण्याहून माणूस बोलावला. त्यानं दिवसभर खटपट करून सांगितलं की बाहेरच्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि नेटवर्कमधून सगळीकडे पसरला. कधी, कुणाच्या नावानं, तेही त्यानं काढून दाखवलं. रविवार सकाळ. नाव सरांचं.

"हे सर कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"दौंडला," प्राचार्य म्हणाले.

"मग पासवर्ड कुणाला देऊन गेले होते?"

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून निघालं, "ते पासवर्ड कुणालाच देत नाहीत."

हे सगळ्या कॉलेजला पटलं. सरांना ओळखणाऱ्या कुणालाही पटलंच असतं. मग ओघानंच एक तर्क निघाला. कक्षाची दुसरी किल्ली सरांकडे होती, दौंड काही लांब नाही. बाप अंथरुणावर असतानाही हा माणूस रविवारी गुपचूप संगणकांना बघून गेला असणार, आणि काहीतरी फ्लॉपी घालून बसला असणार. दुसरा कुणी असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. सरांच्या बाबतीत ठेवला, कारण ते तसेच होते. मी तर्कात भर घातली नाही. खोडलाही नाही.

त्याच आठवड्यात सरांचे वडील गेले. दिवस उरकून सर परतले ते डोकं भादरलेले, टोपी घातलेले. चौकशी समितीत प्राचार्य, अध्यक्षांनी पाठवलेले एक सदस्य, आणि लिहायला मी. प्राचार्यांनी विचारलं, "रविवारी तुम्ही इथं आला होता?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला नीट आठवतं, कारण मी ते पाहतील म्हणून वाट बघत होतो.

"पहिला नियम काय आहे?" ते म्हणाले.

"नियम राहू द्या. आला होता का?"

"नाव ज्याचं, जबाबदारी त्याची. माझं नाव दिसतंय ना? तसं लिहा."

"म्हणजे फ्लॉपी तुम्ही घातली?"

"माझ्या नावानं घातली गेली."

"सरळ बोला हो. पासवर्ड कुणाला दिला होता का?"

"दिला असेल तर तीही चूक माझीच." मग ते थोडा वेळ थांबले. आता वाटतं, ते माझ्यासाठी थांबले होते. टेबलाच्या या बाजूला मी होतो, पेन हातात होतं. मी खाली मान घालून लिहीत राहिलो. मी लिहिलं की सरांनी जबाबदारी मान्य केली. त्याखाली आणखी एक वाक्य लिहिलं, 'फ्लॉपी स्वतः वापरल्याचे त्यांनी नाकारले नाही.' हे वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं.

सरांकडून कक्ष काढून घेतला आणि त्यांची बदली संस्थेच्या दौंड तालुक्यातल्या एका शाळेवर झाली, आठवी-नववीला गणित शिकवायला. पोरांनी जमेल तेवढं पुन्हा केलं. काहींचे प्रकल्प अपुरेच गेले, आणि त्यांचा राग सरांवर निघाला. जायच्या दिवशी सर किल्ल्या द्यायला आले तेव्हा दारावरच्या फळीवर, गुलाबांच्या वर, कुणीतरी कोळशानं लिहिलं होतं, 'हे नियम सरांना सोडून सगळ्यांना लागू.' सर ते वाचत उभे राहिले. व्हरांड्यात पोरं होती. कुणी तरी मुद्दाम मोठ्यानं शिंकलं. मग दुसरा शिंकला, मग सगळा व्हरांडा. मी प्राचार्यांच्या दारात उभा होतो. रागावून पोरांना पांगवणं माझं काम होतं. सर पिंपापाशी गेले, हात धुतले आणि फाटकाबाहेर पडले.

मी निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी दौंडला त्यांच्याकडे गेलो. तेही निवृत्त झाले होते. वहिनींनी माझं नेहमीसारखं स्वागत केलं, थोरलीची, नातवंडांची चौकशी केली, ते मला फार जड गेलं. वहिनी आत गेल्यावर मी म्हटलं, "सर, ती फ्लॉपी माझी होती."

"माहीत आहे की. शब्द तुमच्याशिवाय कुणाला सांगितला होता?"

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं तुम्ही बोलाल. समोरच तर होता."

सरच पुढं बोलले, अगदी साध्या आवाजात. "आणि तुम्ही बोलला असता तर काय झालं असतं हो? प्राचार्य म्हणाले असते, असू द्या, घरचं कार्य होतं. चहा आला असता."

हे खरं होतं. मी तेव्हाच बोललो असतो तर माझं फारसं काही गेलं नसतं. फार तर चार दिवस मान खाली घालावी लागली असती.

"लॅबचं काही वाटत नाही," सर म्हणाले. "इथली पोरंही चांगली होती. पण तिसऱ्या वर्षाच्या त्या पोरांना वाटतंय मी घातली. तेवढं त्यांना सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. मध्ये कॉलेजनं माझा सत्कार केला, तेव्हा सांगता आलं असतं. हार गळ्यात होता. मध्ये दोन-तीन विद्यार्थी घरी येऊन गेले. दर वेळी वाटलं, आता कशाला, सगळे विसरले असतील. सर वारले ते मला उशिरा कळलं. कळल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं ते लिहायला हवं. बरं वाटलं. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं. नंतर स्वतःची लाज वाटली, पण पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

गेल्या पंधरवड्यात बिरूचा फोन आला. त्यांच्या वर्गाचा मेळावा आहे, मी यावं म्हणून. बिरू आता रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात आहे, तिथले सगळे संगणक त्याच्या ताब्यात. मी सहज विचारलं, "नवीन पोरं ऐकतात का रे?"

"कुठलं ऐकत्यात, सर! पेन ड्राइव्ह लावू नका म्हणलं तरी लावत्यात. मग मी त्यांना आपल्या टोकनसरांची गोष्ट सांगतो. दर बॅचला. शिंकायचं बी सांगतो, लई हसत्यात. म्हणतो, बघा, एवढा कडक मानूस, फळी लावली, नियम पाठ करून घेतले, आन् शेवटी त्यानंच फ्लॉपी घातली. तवा सोतावर बी भरवसा ठिवू नका. ते मातूर बरोबर डोक्यात बसतं बघा."

"किती वर्षं सांगतोयस हे?"

"लागलो तवापासनं. का वो?"

मी खुर्चीत बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. माहितीपत्रक, रविवार, पासवर्ड, समिती. अहवालातलं ते वाक्यही. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"बिरू?"

"हाय. ऐकतोय." मग म्हणाला, "फळीवर कोळशानं मी लिव्हलं व्हतं, सर."

"असेल."

"पयल्यांदा शिंकलो बी मीच."

पलीकडे कुठंतरी कारखान्याचा भोंगा झाला. बिरू म्हणाला, "सोमवारी नवीन बॅच येतीय. आता त्यांना काय सांगू?"

"हेच. जसं झालं तसं."

"फ्लॉपी कुणी घातली म्हणू? एक उपप्राचार्य व्हते, असं म्हणतो."

"नाव सांग माझं."

"न्हाई जमायचं सर, असं कसं. तुम्ही हायात ना अजून."

"म्हणून तर," मी म्हणालो. "सोमवारीच सांग."